रविवारचे टेकू

इंग्लंडच्या किनाऱ्याजवळच्या कॅन्व्ही बेटावरचा सत्तरी गाठलेला कुठलाही माणूस पकडा आणि त्याच्यापुढे ‘टार बॅरल्स’ या बँडचं नुसतं नाव काढा. तो छाती पुढे काढून सांगेल, मी तिथं होतो. ‘ओल्ड लाइटर’ पबच्या मागच्या खोलीत माणसं मावायची नव्वद, तीही एकमेकांच्या कोपरांशी जुळवून घेऊन. आता ‘मी तिथं होतो’ म्हणणाऱ्या सगळ्यांना त्या खोलीत कोंबायचं ठरवलं तर समुद्राकडची भिंत पाडावी लागेल. माणसं खोटं बोलतात असं नाही. त्या गाण्यांचा आवाज इतका मोठा होता, की घरी बसलेल्यालाही आपण तिथं होतो असं वाटलं असेल.

ॲव्हरिल पर्किस मात्र खरोखरच तिथं होती. विशीच्या उंबरठ्यावर असताना दोन वर्षं तिनं एक रविवार चुकवला नाही. आणि त्या दोन वर्षांत तिनं बँड एकदाही पाहिला नाही.

याचं कारण स्टेज. स्टेज कसलं, बिअरच्या रिकाम्या क्रेट रांगेत मांडायच्या आणि वर बांधकामावरच्या फळ्या टाकायच्या. त्यावर चार पोरं. तेलाच्या टाक्यांवर आणि धक्क्यावर आठवडाभर राबायचं आणि रविवारी भर दुपारी इथं येऊन सगळा शीण वाजवून काढायचा, असा त्यांचा खाक्या. तेव्हा पब रविवारी दुपारी दोनच तास उघडे असत. घरी ओव्हनमध्ये मांस भाजत पडलेलं, बायका घड्याळाकडे बघतायत आणि इकडे खिडकीतून आलेल्या उन्हात गिटारवाला स्पड लेथम स्टेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावतोय, भिंतीला लाथ मारतोय आणि तसाच उलटा धावत परत येतोय. पंक रॉक हा शब्द तेव्हा कुणी ऐकलेला नव्हता. पुढे दोनेक वर्षांनी लंडनची पोरं कपड्यांना सेफ्टी पिना लावून तीच घाई आणि तोच घाम विकायला लागली, तेव्हा बेटावरच्या बायका म्हणाल्या, यात नवल ते काय, आमच्याकडे हे जेवणाआधी व्हायचं.

तर स्पडनं भिंतीला लाथ मारली, की क्रेट सरकायच्या. पहिल्याच महिन्यात ड्रमवाला ड्रमसकट फळ्यांच्या फटीत गेला. मालकीण आयव्ही स्टर्जेस भारी करड्या स्वभावाची. तिनं बंदी घातली नाही, उपाय काढला. सहा धडधाकट तरुण माणसांना तिनं जमिनीवर बसवलं, पाठी फळ्यांना, पाय समोरच्या लोखंडी दांड्याला. रेटून धरायचं, दोनची घंटा होईपर्यंत हलायचं नाही. मोबदला म्हणजे अर्धा ग्लास बिअर, तीही संपल्यावर. या सहांना सगळे टेकू म्हणत. त्या सहांत मुलगी एकच, ॲव्हरिल. बिस्किटाच्या कारखान्यात पेट्या उचलून तिच्या पाठीत बळ आलेलं होतं.

त्यामुळे लोकांना आठवतो गायकाचा भिजलेला शर्ट, स्पडचे वटारलेले डोळे, तुटलेल्या तारा. ॲव्हरिलला आठवतं ते सगळं पाठीत. संथ गाणं कमरेपाशी सुरू व्हायचं आणि हळूहळू खांद्यांपर्यंत चढायचं. वेगाचं गाणं थेट मानेखाली आदळायचं. स्पड डावीकडून उजवीकडे गेला, की मणक्यावरून कुणी बोटं फिरवल्यासारखं व्हायचं. ती डोळे मिटून घ्यायची आणि मग ती खोली, तो धूर, समोरच्या नव्वद जणांचे गुडघे, सगळं विरघळून जायचं. आपण एका मोठ्या जहाजाच्या पोटाशी टेकून बसलोय आणि जहाज निघालंय, एवढंच उरायचं.

अजूनही कधी रविवारी सकाळी ती समुद्राच्या बांधावर जायची. ओहोटीनं चिखल उघडा पडलेला असायचा, पलीकडे रिफायनरीची चिमणी धुक्यात पुसट दिसायची. काँक्रीटला पाठ लावून ती बसली आणि खाडीतून एखादं तेलवाहू जहाज गेलं, की त्याच्या इंजिनाची घरघर बांधातून तिच्या हाडांत यायची. ती डोळे मिटायची. क्षणभर ती बाहत्तरीची नसायची.

तिच्या डाव्या हाताला, रांगेच्या अगदी टोकाला, लेन पर्किस बसायचा. त्याच्या पलीकडे कपाटाएवढा स्पीकर. लेनचा डावा कान त्या स्पीकरनं खाल्ला. लग्नानंतर तो म्हणायचा, “डावा कान बँडला दिलाय, उजवा तुझ्या कटकटीला ठेवलाय.” रस्त्यानं चालताना तो तिला कायम उजव्या बाजूला ठेवायचा. लग्नाची मागणी म्हणजे तरी काय, शिंपल्यांच्या गाड्यापाशी व्हिनेगर जास्त घालून घेता घेता तो म्हणाला होता, “तुझ्या आईला सांगून टाकूया आता.” गोड बोलणं त्याच्या गावीच नव्हतं. सबंध संसारात त्यानं तिचं कौतुक केलं ते भाजलेल्या बटाट्यांच्या निमित्तानं.

पण बँडबद्दल बोलायला लागला, की हाच माणूस असा काही खुलायचा! दरवर्षी मे महिन्यात एका रविवारी जुनी मंडळी ‘ओल्ड लाइटर’मध्ये जमत. एकेकानं उठून स्टेजपाशी जायचं आणि आपली एक आठवण सांगायची, असा रिवाज पडला होता. लेनची पाळी आली, की बारवरची बडबड थांबायची. स्पड धावत आला, भिंतीला लाथ मारली आणि उलटा फिरून थेट कोपऱ्यातल्या पियानोवर चढला, टाचेनं पट्ट्या बडवत गिटार वाजवली, आणि वरच्या दिव्याला डोकं आपटलं तरी सूर सोडला नाही. ही गोष्ट लेन अशी सांगायचा, की ऐकणारे स्वतःचं डोकं चोळायचे. “खांबापाशी उभा होतो मी,” तो म्हणायचा. “या डोळ्यांनी पाहिलंय.”

ॲव्हरिल मागच्या बाकावर बसून ऐकायची. खांबापाशी? हा गृहस्थ दोन वर्षं तिच्या खांद्याला खांदा लावून जमिनीवर बसला होता, पाठ स्टेजकडे करून! बाकीच्या चार टेकूंपैकी दोघे ऑस्ट्रेलियात गेले, दोघे देवाघरी. खाली बसलेल्यांकडे तेव्हा कुणाचं लक्ष नव्हतं, त्यामुळे खरं ठाऊक होतं ते तिला एकटीला. तिनं कधी तोंड उघडलं नाही. नवऱ्याच्या थापा चारचौघांत उघड्या पाडणारी बाई ती नव्हे. पण एक गोष्ट तिच्या मनात सलत राहिली. लेनच्या कुठल्याच आठवणीत ती नव्हती. स्पड होता, दिवा होता, पियानोसुद्धा होता. इतकी वर्षं थापाच मारायच्या होत्या, तर एखादीत हिला बसवायला काय जात होतं?

या फेब्रुवारीत लेन गेला. आणि एप्रिलमध्ये माळ्यावर फिल्मचं रीळ सापडलं.

आयव्हीनंतर पब तिची भाची मॅक्सीन चालवत होती. छत गळतं म्हणून ती माळ्यावर चढली आणि बिस्किटाच्या डब्यात तिला ते रीळ मिळालं. वर आयव्हीच्या ठसठशीत अक्षरात, ‘टार बॅरल्स, मे ७४, पियानो मोडला तो रविवार’. बेटभर बातमी पसरली. टार बॅरल्सची एकही हलती छबी आजवर कुणी पाहिली नव्हती.

सगळ्यांत जास्त आनंद झाला रोली बिकफर्डला. रोली म्हणजे या मंडळींचा स्वयंभू न्यायाधीश. कोण खरंच तिथं होतं आणि कोण नाही, हे तो उलटतपासणी घेऊन ठरवायचा. गायकाच्या कोटाचा रंग कोणता, हार्मोनिका कुठल्या खिशात, एक ना दोन. लेनच्या पियानोच्या गोष्टीवर त्याचा कधीच विश्वास बसला नव्हता. पियानो ओलीनं सडून मोडला, असं त्याचं ठाम मत होतं.

“ॲव्ही, वाईट वाटून घेऊ नकोस,” त्यानं तिला किराणा दुकानाबाहेर गाठून सांगितलं. “लेन आपला दोस्त होता. पण इतिहास म्हणजे इतिहास. आता दूध का दूध होऊन जाऊ दे.”

“तुझ्या दाढीला अंडं लागलंय, रोली,” ॲव्हरिल म्हणाली आणि चालू पडली.

पियानोचं तिला काही वाटत नव्हतं. स्पड चढला असेल नाहीतर नसेल. पण लेन त्यात दिसणार होता. ‘या डोळ्यांनी पाहिलंय’ म्हणणारा लेन, स्टेजकडे पाठ करून बसलेला. सगळं बेट हसणार होतं. मेलेल्या माणसाला तर उलट उत्तरही देता येत नाही. त्याच्यापाशी मिरवायला दुसरं होतं काय? रिफायनरीत नोकरी केली, बागेत वाल लावला आणि वर्षातून एक दिवस ही गोष्ट सांगितली.

शेवटी ती सरळ मॅक्सीनकडे गेली. मॅक्सीन ग्लास पुसत होती.

“ती फिल्म दाखवलीच पाहिजे का गं?”

“आंटी, अहो सत्तर तिकिटं गेलीत! साउथएंड शहरातून खास डिजिटल करून आणलीय. का, काय झालं?”

“तू पाहिलीस?”

“थोडीशीच. पहिलं बघणं सगळ्यांबरोबर, असं ठरवलंय मी.” मॅक्सीननं ग्लास खाली ठेवला. “लेन अंकलची आठवण येईल म्हणून भीती वाटतेय का? शेजारी मी बसेन तुमच्या.”

आता काय सांगणार? ॲव्हरिल म्हणाली, “बसलीस तर शेंगदाण्यांचं पाकीट घेऊन बस. तुझ्या आत्याची खारट शेंगदाण्यांची उधारी बंद होती, तुझी तरी चालू आहे का बघते.” आणि घरी येऊन ओट्यापाशी उभी राहून रडली.

मे महिन्यातल्या त्या ठरल्या रविवारी खाडीवर उजेड असा पसरला होता, की पाणी कुठं संपलं आणि आभाळ कुठं सुरू झालं ते कळत नव्हतं. जहाजं अधांतरी तरंगत होती. ॲव्हरिलनं नेहमीप्रमाणे मांस ओव्हनमध्ये ठेवलं, एकटीसाठी ठेवलं तरी आकार दोघांचाच, आणि बांधावरून चालत निघाली. परत फिरावं असं दोनदा वाटलं. मग वाटलं, लेनवर हसणारच असतील तर त्या खोलीत निदान एक माणूस न हसणारं हवं.

मागची खोली गच्च भरली होती. जुन्या स्टेजच्या जागी पांढरी चादर ताणलेली. मॅक्सीननं पडदे ओढले, तरी एका फटीतून उन्हाची पट्टी यायचीच. तीत धूळ नाचत होती. रोली पहिल्या रांगेत, हात छातीवर बांधून. ॲव्हरिल दुसऱ्या रांगेत बसली. डावीकडची खुर्ची तिनं सवयीनं रिकामी सोडली, म्हणून मॅक्सीन उजवीकडे टेकली.

चादर उजळली. आवाज नव्हताच, फिल्म मुकी होती. आधी नुसती हलणारी तपकिरी सावली, मग एकदम सगळं स्पष्ट झालं आणि खोलीत मोठा सुस्कारा उमटला. आणि मग हशा. कारण कॅमेरा धरणारा कोण होता देव जाणे, पण तो मागच्या भिंतीशी बाकावर चढून उभा होता आणि छताची जाडजूड तुळई नेमकी मधे आली होती. सगळ्या बँडची मुंडकी तुळईमागे! छातीपासून गुडघ्यांपर्यंत चार पोरं आवेशानं वाजवत होती. भिजलेला शर्ट होता, गिटार होती, एकालाही डोकं नव्हतं.

“पन्नास वर्षं वाट बघितली,” रोली कळवळला, “आणि हाती काय, बेंब्या?”

लोक हसून हसून लोळायचे बाकी होते. तेवढ्यात स्पडचे पाय धावत सुटले. भिंतीपर्यंत गेले, लाथ बसली, पाय उलटे फिरले, कोपऱ्यातल्या पियानोशी आले आणि वर गेले. चित्रातून नाहीसेच झाले. मागोमाग एक बूट पियानोच्या पट्ट्यांवर दणादण आपटताना दिसला.

“चढला!” मागून कुणीतरी ओरडलं. “लेन खरं सांगत होता! रोली, आता बोल!”

टाळ्या पडल्या. शिट्ट्या झाल्या. ॲव्हरिलचा जीव भांड्यात पडतोय न पडतोय तोच रोली खुर्चीतून अर्धा उठला आणि त्यानं बोट चादरीच्या खालच्या कडेकडे रोखलं.

“थांबा, थांबा. ते कोण बसलंय खाली?”

तुळई फक्त वरचं झाकत होती. खाली, फळ्यांना पाठ लावून, सहा टेकू ओळीनं बसले होते, थेट कॅमेऱ्याकडे तोंड करून. खिडकीचं ऊन पडलं होतं ते नेमकं त्यांच्या चेहऱ्यांवर. सबंध फिल्ममध्ये धड दिसणारे चेहरे ते सहाच.

“तो टोकाचा लेन आहे,” रोली म्हणाला. “लेनच आहे! खांबापाशी उभा होता म्हणे! अरे, याची पाठ आहे स्टेजकडे. हा बघतच नाहीये!”

हसू सुरू झालं खरं, पण ते मोठं होऊ शकलं नाही. पुढच्या रांगेपासून एकेक जण गप्प होत गेला.

“बघतोय की, रोली अंकल,” मॅक्सीन हळूच म्हणाली.

ॲव्हरिलनं तोवर मान खाली घातली होती. ती तिनं वर केली.

त्या ओळीत एक मुलगी बसली होती. केस घामानं कपाळाला चिकटलेले, डोळे मिटलेले, ओठ गाण्याबरोबर हलणारे. तिच्या डावीकडे एक हडकुळा पोरगा. मागे पियानो मोडत होता, समोर नव्वद माणसं वेड्यासारखी उड्या मारत होती, कानाशी स्पीकर फाटत होता. पोराची मान पूर्ण उजवीकडे वळलेली होती. तो त्या मुलीकडे बघत होता. नुसता बघत होता. कोरड्या विहिरीला पाणी लागल्यावर माणसं वाकून बघतात, तसा. स्पड दोनदा गेला आला, फळी हादरली, पोरगा पाठ रेटत राहिला आणि त्याची नजर हलली नाही. मग मुलीनं गाण्याच्या शेवटी डोळे उघडले. त्याच क्षणी त्यानं मान सरळ केली आणि समोरच्या गुडघ्यांकडे असा पाहू लागला, जणू त्यांच्याइतकं सुंदर जगात काही नाही.

फिल्म संपली. चादर पांढरी झाली.

रोली उभाच होता. त्यानं मागे वळून विचारलं.

“मग पियानोची गोष्ट त्याला सांगितली कुणी?”

“मीच सांगितली असेल,” कोपऱ्यातून एक म्हातारा म्हणाला. “कार्यक्रम संपला की यायचा तो माझ्याकडे. आज काय काय केलं रे त्यांनी, म्हणून विचारायचा.”

“मलाही विचारायचा,” दुसरा म्हणाला. “मला वाटायचं, बहिरा झालाय.”

“दिव्याला डोकं आपटलं ते मी सांगितलं होतं,” रोली म्हणाला. त्याचा आवाज एकदम लहान झाला होता. “संडासच्या रांगेत. मी स्वतः. साफ विसरलो होतो की मी.”

त्यानं टोपी काढली, हातात फिरवली, परत घातली. मग मॅक्सीनकडे न बघता म्हणाला, “पुन्हा लाव.”

दुसऱ्या वेळी कुणी बेंब्यांना हसलं नाही. ॲव्हरिल या खेपेला लेनकडे बघत नव्हती, त्या मुलीकडे बघत होती. डोळे मिटून जहाजातून निघालेली ती पोर. उघड, ती मनात म्हणत होती, अगं बये, एकदा तरी डोळे उघड आणि डावीकडे बघ. गाणं कुठं पळून चाललंय? मुलगी ऐकत नव्हती. फळ्या हादरत होत्या, आवाज नसलेलं ते गाणं ॲव्हरिलच्या पाठीत चढत चढत मानेपर्यंत आलं. मग मुलीनं डोळे उघडले, जरासा उशीर करून, आणि पोरगा समोरचे गुडघे मोजायला लागला.

नंतर रिवाजाप्रमाणे आठवणींचा फेरा सुरू झाला. पण पहिलं उठायला कुणी तयार होईना. सगळे ॲव्हरिलकडे बघत होते. ती आजवर कधी उठली नव्हती. ‘माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही’ असं म्हणून टाळायची.

ती उठली. गुडघ्यावर हात ठेवून, मॅक्सीनचा आधार घेत चादरीपाशी गेली. पडद्याच्या फटीतलं ऊन तिच्या चेहऱ्यावर पडलं. समोर तेच लोक होते, जरा जाड झालेले, केस गेलेले, आणि आज उडी मारायचं कुणाच्यात त्राण नव्हतं.

“मी तिथं होते,” ॲव्हरिल म्हणाली. हे वाक्य तिनं आयुष्यात पहिल्यांदाच मोठ्यानं उच्चारलं होतं. “पण माझे डोळे मिटलेले होते.”

एवढंच बोलून ती परत आली आणि आपल्या जागी बसली. रोली पहिल्या रांगेतून उठला, पाय ओढत मागे आला आणि तिच्या डावीकडच्या रिकाम्या खुर्चीपाशी थांबला. तिथं बसावं असं त्याच्या मनात आलं असावं. मग त्यानं खुर्चीच्या पाठीवर नुसता हात टेकला, आणि पुढचा माणूस आपली आठवण सांगून होईपर्यंत तो तसाच उभा राहिला.